निराश होण्याची पात्रता : पर्यटननगरीतील प्रयोग आणि आस्वादाची नीती

१

पर्यटननगरीत संध्याकाळी होणारे संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे प्रयोग हा आपल्या समीक्षेने क्वचितच विचारार्थ घेतलेला विषय आहे. नाटकाची समीक्षा होते, मैफलीची होते, लोककलांचा अभ्यास विद्यापीठांतून होतो. परंतु पर्यटकांसाठी तिकीट लावून तासाभरात आटोपणाऱ्या प्रयोगाकडे अभ्यासक वळला, तर तो बहुधा समाजशास्त्रज्ञ म्हणून वळतो, आस्वादक म्हणून नव्हे. असे प्रयोग कलेच्या प्रांतात मोडतच नाहीत, असे आपण गृहीत धरलेले असते. या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा हेतू एका नैतिक प्रश्नाची मांडणी करण्याचा आहे. ज्या परंपरेच्या भाषेचा, विधींचा, इतिहासाचा आपल्याला परिचय नाही आणि जिच्याकडे आपण बहुधा पुन्हा परतणारही नाही, तिच्या प्रयोगापासून आनंद घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? असल्यास त्या आनंदाबरोबर कोणते उत्तरदायित्व येते?

चर्चा अमूर्त राहू नये म्हणून एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. पणजीत मांडवीच्या पात्रात संध्याकाळी पर्यटकांना घेऊन बोटी निघतात. सुमारे तासाभराची फेरी असते. वरच्या डेकवर छोटा रंगमंच, ध्वनिवर्धक आणि निवेदक असतो. फुगडी, देखणी, कोर्रिदिन्यू असे नाच एकामागोमाग एक सादर होतात. मध्यंतरी निवेदक लहान मुलांना, जोडप्यांना, मित्रमंडळींना रंगमंचावर बोलावून चित्रपटगीतांवर नाचवतो. टाळ्या पडतात, बहुतेक वेळा निवेदकाने मागितल्यामुळे पडतात. बोट धक्क्याला लागते आणि पुढच्या फेरीचे प्रवासी चढू लागतात. त्याच नदीच्या काठावर कांपाल येथे चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमीची वास्तू आहे आणि तिच्यातील नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. मराठी नाटक, कोंकणी तियात्र आणि शास्त्रीय संगीताच्या मैफली यांना परिचित असलेली ही जागा बोटीवरून दिसते. या दोन ठिकाणांमधले अंतर फार नाही. परंतु एका ठिकाणी जे घडते त्याला आपण कला म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी जे घडते त्याला मनोरंजन. हा भेद नेमका कशाच्या आधारावर केला जातो?

२

सर्वांत सुलभ उत्तर अस्सलतेचे आहे. बोटीवरचे नाच खरे नव्हेत. खरी फुगडी गावात, खरी देखणी घरच्या समारंभात. बोटीवर तिची नक्कल तेवढी होते, असे म्हटले जाते. पर्यटनविषयक समाजशास्त्रात या भूमिकेला बराच आधार मिळतो. डीन मॅकॅनेल यांनी १९७३मध्ये मांडलेली 'रंगमंचित अस्सलते'ची संकल्पना प्रसिद्ध आहे. पर्यटक पडद्यामागचे जीवन पाहू इच्छितो आणि पर्यटनव्यवसाय त्याच्यासाठी पडदामागही सजवून ठेवतो, असे त्या संकल्पनेचे थोडक्यात सार आहे. कोचीत पर्यटकांसाठी होणाऱ्या कथकळीच्या छोट्या प्रयोगांत नटांची रंगभूषाही प्रेक्षकांसमोर केली जाते, हे या संकल्पनेचे उत्तम उदाहरण ठरेल. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाचा तासाभराचा वेचा आणि त्याच्या भरपाईसाठी नेपथ्यगृहाचे दर्शन, असा हा व्यवहार आहे.

परंतु अस्सलतेचा निकष मांडवीवरच्या त्या तीन नाचांना लावून पाहिला, तर तो फार वेळ टिकत नाही. कोर्रिदिन्यू हा मूळचा पोर्तुगालमधला, विशेषतः आल्गार्व्ह प्रांताशी निगडित असलेला जोडीनाच. गोव्यात तो वसाहतीच्या काळात आला. त्याला 'गोव्याचे लोकनृत्य' म्हणून सादर करणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. पण त्याला परका म्हणून वगळणे हेही त्या भूमीच्या इतिहासाला नाकारणे होईल.

देखणीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. देखणी ही प्रामुख्याने गोव्यातील ख्रिस्ती समाजात रचली आणि गायिली गेलेली गीतनृत्ये. तिच्या सुरावटीवर पाश्चात्त्य संगीताची छाप आहे. परंतु तिच्यातली नायिका बहुतेक वेळा हिंदू कलावंतीण असते. सर्वांत प्रसिद्ध देखणीत कलावंतिणी नावाड्याला नदीपार सोडण्याची विनवणी करतात. पलीकडे दामूच्या लग्नात त्यांना नाचायचे आहे आणि त्यासाठी त्या आपले दागिने देऊ करतात. राज कपूर यांच्या 'बॉबी' (१९७३) या चित्रपटातील एका गीताने ही चाल भारतभर नेली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेच मुळी एका समाजाने दुसऱ्या समाजातील स्त्रीचे बाहेरून पाहून काढलेले चित्र आहे. पायात घुंगरू बांधून देखणी नाचणारी ख्रिस्ती मुलगी कलावंतीण नसते. ती कलावंतिणीचे रूप घेते. बोटीवरचा पर्यटक ज्या नजरेने देखणी पाहतो, तिच्याशी नाते असलेली एक नजर त्या गीताच्या रचनेतच आधीपासून वसलेली आहे. नदीपार जाणाऱ्या नर्तकींचे गीत नदीतून फिरणाऱ्या बोटीवर परक्यांसमोर नाचले जाते, तेव्हा मूळ बिघडले असे म्हणण्यापेक्षा त्या मुळातील बाह्यदर्शनाचा आणखी एक पदर वाढला असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

फुगडीची स्थिती पूर्णपणे वेगळी आहे. भाद्रपदात, व्रतवैकल्यांच्या निमित्ताने स्त्रिया आपापसात घालतात ती फुगडी मुळात प्रेक्षकासाठी नसतेच. गाणारी, फिरणारी आणि भोवती उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहणारी अशा सर्वजणी तिच्यात सहभागी असतात. रंगमंचावर येताच तिला प्रथमच एक दर्शनी बाजू प्राप्त होते. 'अस्सल' फुगडी पाहायला जाण्याची इच्छाच आत्मविसंगत आहे. कारण केवळ पाहणारा उपस्थित झाला, की ती पूर्वीची राहत नाही.

तात्पर्य, एकाच कार्यक्रमातील तीन नाचांपैकी एक परभूमीतून आलेला, दुसरा बाहेरच्या दृष्टीतून घडलेला आणि तिसरा प्रेक्षकालाच न जुमानणारा आहे. या तिन्हींना अस्सलतेचा एकच निकष लावता येत नाही. शिवाय ज्या रंगप्रकाराला आज गोव्याच्या आत्म्याचा आविष्कार मानले जाते, त्या तियात्राचा जन्म तरी कुठे झाला? १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत 'इटालियन भुर्गो' या प्रयोगाने तियात्राचा आरंभ झाला असे मानले जाते आणि लुकासिन्यू रिबेरू यांच्या त्या उपक्रमामागे मुंबईत आलेल्या फिरत्या इटालियन ऑपेरा कंपनीची प्रेरणा होती. म्हणजे परमुलखातून आलेल्यांचा प्रयोग परगावी राहणाऱ्यांनी पाहिला आणि त्यातून तियात्र उभे राहिले. संकर, स्थलांतर आणि तिकीट यांपैकी कोणतीही गोष्ट तियात्राला कलेच्या प्रांतातून बाहेर काढत नाही. मग तीच कारणे बोटीवरच्या प्रयोगाला कलेबाहेर कशी ठेवतील?

३

अस्सलतेचा निकष बाजूला सारल्यावर दुसरी भूमिका पुढे येते. पर्यटकाचा आनंद वरवरचा असतो, कारण त्याचा त्या परंपरेशी संबंध नसतो, असे ही भूमिका सांगते. परंतु सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने येथे एक विलक्षण पेच निर्माण होतो. कान्टने १७९०मध्ये सौंदर्यविधानाचे जे पहिले लक्षण सांगितले, ते हितसंबंधनिरपेक्षतेचे. वस्तू आपल्या मालकीची असावी, उपयोगी पडावी, आपल्या श्रद्धेला पुष्टी देणारी असावी अशी कोणतीही अपेक्षा न ठेवता तिच्या रूपापासून मिळणारा आनंद तो सौंदर्यानंद. या लक्षणाला अक्षरशः धरून चाललो, तर पर्यटक हाच आदर्श आस्वादक ठरतो! जत्रेतल्या नाटकात ज्याचा भाऊ राजाची भूमिका करीत आहे, ज्याच्या घराण्याकडे देवस्थानाचा मान आहे, ज्याच्या शेजाऱ्याने वर्गणी दिलेली नाही, अशा गावकऱ्याचे त्या प्रयोगाशी शेकडो हितसंबंध जडलेले असतात. पर्यटकाचा एकही नसतो. पेच एवढ्यावर थांबत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्याच्या संकल्पनेत अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव नांदतात, हे विस्ताराने दाखवले. पर्यटकाच्या ठायी यांपैकी पहिला ध्रुव जणू पूर्णत्वाला पोचतो आणि दुसरा शून्यवत होतो. तरीही आपल्याला त्याचा आस्वाद आदर्श वाटत नाही. का?

याचे उत्तर कान्टच्याच विवेचनात आहे. हितसंबंधनिरपेक्षता हे एकच लक्षण पुरेसे नाही. सौंदर्यविधान इतरांच्या संमतीची मागणी करते; 'मला आवडले' एवढ्यावर ते थांबत नाही. 'हे मद्य मला रुचते' या विधानाला कोणी हरकत घेत नाही, कारण ते विधान कोणावरच काही लादत नाही. 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा मात्र आपले मत इतरांनीही मान्य करावे, अशी अपेक्षा बाळगतो. म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला पुरावा मागता येतो, आणि त्याचे चुकलेलेही असू शकते. पर्यटकाचा आनंद या दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. 'छान होते, मजा आली' हे त्याचे विधान प्रयोगाविषयी नसून त्याच्या संध्याकाळीविषयी असते. त्या विधानावर कोणी वाद घालणार नाही, आणि घातला तर त्याला त्याचे सोयरसुतक असणार नाही.

येथे एका जुन्या शब्दाचा इतिहास उपकारक ठरतो. ज्या ग्रीक शब्दापासून युरोपीय भाषांतील सिद्धान्तवाचक शब्द निघाला, त्या 'थिओरिया'चा एक आद्य अर्थ म्हणजे परनगरातील उत्सव पाहण्यासाठी केलेली यात्रा. 'थिओरोस' हा नगराने उत्सवाला धाडलेला प्रतिनिधी असे. तो परका असे. यज्ञ, नाट्य, क्रीडा पाहण्याखेरीज त्याला तेथे दुसरे काम नसे. गाडामर यांनी १९६०च्या आपल्या प्रमुख ग्रंथात याच थिओरोसचे उदाहरण घेऊन असे दाखवले, की पाहणे ही निष्क्रिय अवस्था नसून सहभागाचा एक खरा प्रकार आहे; उत्सवात केवळ उपस्थित राहूनही मनुष्य त्याचा भाग होतो. म्हणजे परकेपण आणि प्रवास हे आस्वादाला बाधक नाहीत. उलट आपण ज्याला 'सिद्धान्त' म्हणतो त्याचा पूर्वज एक प्रवासी प्रेक्षकच आहे.

मग थिओरोस आणि मांडवीवरचा पर्यटक यांत फरक कोणता? थिओरोस परत जाऊन आपल्या नगराला वृत्तान्त देई. त्याने काय पाहिले, हे त्याला सांगावे लागे. त्याच्या पाहण्याला कोणीतरी जाब विचारणारे होते. पर्यटकाच्या पाहण्याला जाब विचारणारे कोणी नाही. तो छायाचित्रे घेऊन परततो, आणि छायाचित्र हा वृत्तान्त नव्हे. 'मी तेथे होतो' याची ती पावती असते. तेव्हा उणीव परिचयाची नसून उत्तरदायित्वाची आहे, असा निष्कर्ष येथे काढता येतो.

४

उत्तरदायित्व ही संकल्पना आपल्या नाट्यविचाराला नवीन नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे, आणि तो करताना त्याची नजर रंगमंचावर जितकी आहे तितकीच समोर बसलेल्यांवर आहे. तो मानुषी आणि दैविकी असे सिद्धीचे दोन प्रकार मानतो. स्मित, हास्य, 'साधु', 'अहो' असे उद्गार, रोमांच, जागेवरून उठणे, अंगावरचे वस्त्र वा अंगठी देणे ही मानुषी सिद्धीची चिन्हे आहेत. जेथे रंगस्थान भरलेले असून शब्द नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही, तेथे दैविकी सिद्धी असते. बोटीवरच्या प्रयोगाला मानुषी सिद्धी मिळते, पण ती निवेदकाकडून मागून घ्यावी लागते. दैविकी सिद्धीला तर तेथे वावच नसतो. क्षणभर शांतता झाली तरी निवेदकाला ते अपयश वाटते आणि तो ती ताबडतोब भरून काढतो.

भरताने प्रेक्षकाची लक्षणेही सांगितली आहेत. पात्राच्या आनंदात आनंदणारा आणि शोकात शोक करणारा तो प्रेक्षक. परंतु हे सर्व गुण एकाच व्यक्तीत एकवटलेले नसतात, हे त्याला पक्के ठाऊक आहे. तरुणांना एक रुचते, अर्थपरांना दुसरे, विरक्तांना तिसरे. म्हणजे भरताचे प्रेक्षागृह हे समजूतदारांचे एकजिनसी मंडळ नव्हे. तेथे अजाण लोकही येतात आणि त्यांच्या येण्याला त्याची हरकत नाही. मात्र प्रयोगाविषयी मतभेद झाला, तर निर्णय देण्यासाठी तो प्राश्निकांची योजना करतो. यज्ञविद, नर्तक, छंदोविद, वैयाकरण, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक-वादक, राजसेवक अशी ही मंडळी आहेत आणि प्रत्येकाचा अधिकार त्याच्या त्याच्या क्षेत्रापुरता आहे. रंगमंचावर शस्त्र कसे धरले, हे धनुर्धराने पाहावे. शृंगाराचे उपचार नीट झाले की नाही, हे गणिकेने सांगावे. ज्याचे जीवन रंगमंचावर दाखवले जात आहे, तो प्रेक्षागृहात निवाडा करायला बसलेला आहे, हे या योजनेचे मर्म आहे. आपले चित्र काढणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार तेथे चित्रित होणाऱ्याला दिलेला आहे.

अभिनवगुप्ताने रसविघ्नांची जी चर्चा केली, तीही आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी एक आहे 'निजसुखादिविवशीभाव'. आपल्याच सुखदुःखात गुरफटलेल्या प्रेक्षकाचे चित्त प्रयोगावर स्थिरावत नाही. सुटीवर आलेला पर्यटक हा या विघ्नाचा मूर्तिमंत नमुनाच म्हणावा लागेल. स्वतःच्या सुखासाठीच तर तो आलेला असतो. परंतु अभिनवगुप्त या प्रेक्षकाला दाराबाहेर काढत नाही. वाद्ये, गायन, सुशोभित मंडप, निपुण गणिका यांची योजना नाट्यात नेमकी याच विघ्नाच्या निवारणासाठी केलेली आहे, असे तो मानतो. त्यांच्या योगाने अहृदयसुद्धा निर्मलचित्त होऊन सहृदय केला जातो. सहृदयता ही जन्मजात किंवा जातिगत मालमत्ता नसून प्रयोगातून घडू शकणारी अवस्था आहे, एवढा उदार आशय या विवेचनात आहे.

या दोन आचार्यांचे म्हणणे एकत्र ठेवले, की बोटीवरच्या प्रयोगाची खरी उणीव स्पष्ट होते. तेथे वाद्ये आहेत, गायन आहे, सजावट आहे. पण ही सारी सामग्री प्रेक्षकाला त्याच्या निजसुखातून बाहेर काढण्यासाठी वापरली जात नाही, त्याला त्यातच अधिक खोल बसवण्यासाठी वापरली जाते. आणि तेथे प्राश्निक नाही. देखणीतल्या कलावंतिणीचे चित्रण योग्य झाले की हास्यास्पद, फुगडीची लय साधली की केवळ वेग वाढवला, हे सांगू शकेल असे कोणी त्या डेकवर सहसा नसते. घुमटाची जागा ध्वनिमुद्रणाने घेतली तरी कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता कमीच. नाटक न आवडल्यास उठून जाण्याची सोयही तेथे नाही, कारण चहूबाजूंनी पाणी आहे. पण खरी गोष्ट अशी की उठून जावेसे कोणालाच वाटत नाही. न आवडण्यासाठी काहीतरी अपेक्षा घेऊन यावे लागते. पर्यटक निराश होऊ शकत नाही, आणि जो निराश होऊ शकत नाही तो प्रसन्नही होत नाही. त्याचा वेळ तेवढा बरा जातो.

तियात्राच्या प्रेक्षकाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. दोन प्रवेशांच्या मध्ये गायिल्या जाणाऱ्या कांतारांतून राजकारण्यांवर, समाजव्यवहारावर टीका होते आणि प्रेक्षक तत्क्षणी आपला कौल देतो. आवडलेले कांतार त्याला पुन्हा हवे असते, फसलेल्याकडे तो पाठ फिरवतो. मराठी संगीत नाटकातल्या 'वन्समोअर'ची परंपराही अशीच होती. त्यातल्या अतिरेकाची थट्टा पुष्कळ झाली. परंतु त्यामागे हे पद आधी ऐकलेला, उद्या पुन्हा येणारा आणि आजच्या गायनाची कालच्याशी तुलना करणारा प्रेक्षक होता, हे विसरता येत नाही. तेथे नटाला भय होते; आणि भय होते म्हणूनच त्याच्या यशाला अर्थ होता.

५

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जाणत्या प्रेक्षकाचे आपण जे गुणगान केले, त्या प्रेक्षकाचा इतिहास निर्दोष आहे काय? ज्या कलावंतिणीचे रूप देखणी घेते, तिच्या बाबतीत तर तो मुळीच निर्दोष नाही. देवस्थाने आणि यजमान यांच्याशी बांधलेल्या त्या स्त्रियांसमोर बसलेला प्रेक्षक संगीताचा जाणकार होता, त्याला राग कळत होता, ठुमरीतले बारकावे कळत होते. आणि तोच प्रेक्षक त्या स्त्रीच्या देहावर, तिच्या संततीच्या सामाजिक स्थानावर हक्क सांगत होता. तेथे उत्तरदायित्व होते, पण ते दास्याचे दुसरे नाव होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजाने शिक्षणाच्या आणि संघटनेच्या बळावर 'गोमंतक मराठा समाज' म्हणून स्वतःची नवी ओळख घडवली, ती या जाणत्यांच्या दरबारातून बाहेर पडण्यासाठीच. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या दोघींनीही अल्लादिया खाँ यांची तालीम घेतली आणि त्यांची कीर्ती उभी राहिली ती गावापासून दूर, मुंबईत. ज्यांना त्यांच्या घराण्यावर कोणताही हक्क सांगता येत नव्हता, अशा श्रोत्यांसमोर त्या कलावंत म्हणून प्रतिष्ठित झाल्या.

तेव्हा आक्षेपक विचारील: तिकिटाचे पैसे देऊन येणारा, नाव न विचारणारा, तासाभराने कायमचा निघून जाणारा पर्यटक हा त्या जुन्या रसिकापेक्षा नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ नव्हे काय? त्याचे अज्ञान ही नर्तकीची मुक्ती नव्हे काय? शिवाय त्या डेकवर नाचणाऱ्या मुलामुलींना त्यातून उपजीविका मिळते. पोट भरलेल्या समीक्षकाने त्यांच्या कलेच्या अधःपाताबद्दल अश्रू ढाळणे शोभत नाही.

या आक्षेपात जे सत्य आहे ते पूर्णपणे स्वीकारले पाहिजे. तिकिटाने निर्माण केलेले अंतर हे खरोखरच एक मूल्य आहे. ज्ञान आणि अधिकार यांची जुनी युती मोडण्यात या अंतराचा मोठा वाटा आहे आणि ती युती पुन्हा जोडावी असे कोणीही सुचवणार नाही. परंतु आक्षेपक येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत करतो. कलावंतावरचा हक्क वेगळा आणि कलेविषयीचा निवाडा वेगळा. यजमानाने या दोन्ही गोष्टी आपल्या हाती एकवटल्या होत्या. केसरबाई आणि मोगूबाई यांनी मुंबईत पहिलीतून सुटका करून घेतली. दुसरीला त्यांनी कधी नकार दिला नाही. उलट, कठोर गानविद्येची जी कसोटी त्यांनी स्वीकारली तिच्यासमोर उतरणे हीच त्यांच्या प्रतिष्ठेची वाट होती. त्यांना हक्क न सांगणारा श्रोता हवा होता, अजाण श्रोता नव्हे. भरताच्या प्राश्निकाचेही स्वरूप हेच आहे. तो नटाचा स्वामी नाही. त्याला नटावर अधिकार नाही, फक्त प्रयोगाविषयी बोलण्याचा अधिकार आहे.

पर्यटनव्यवसायाने यजमानाचा हक्क काढून घेतला, ही त्याची जमेची बाजू. पण त्याबरोबर त्याने निवाडाही काढून टाकला आणि नर्तकीला एका नव्या अवस्थेत सोडले. येथे तिचा अपमान होत नाही. परंतु तिने आज उत्तम नाच केला, कालच्यापेक्षा चांगला केला, हे ओळखणारेही कोणी नाही. उत्तम आणि सामान्य यांत फरक न पडणाऱ्या ठिकाणी रोज नाचावे लागणे ही यातना जुन्या यातनेइतकी क्रूर नसेल. तरी ती यातनाच आहे. उपजीविकेचा मुद्दा तिला झाकू शकत नाही. कलावंताला पोटापुरते मिळाले म्हणजे त्याला दादेची गरज उरत नाही, असे मानणे हे त्याला कलावंत न मानण्यासारखेच आहे.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परक्या परंपरेचा प्रयोग पाहून आनंद घेण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? वरील विवेचनावरून उत्तर होकारार्थी आहे. परकेपण, अल्प परिचय, प्रवास, तिकीट यांपैकी कशानेही तो अधिकार नष्ट होत नाही. परंतु तो अधिकार एका कर्तव्याशी बांधलेला आहे, आणि ते कर्तव्य पूर्वज्ञानाचे नाही. पर्यटकाने येण्यापूर्वी लोकसंगीताचा अभ्यास करावा, ही मागणी अव्यवहार्य आहे आणि अन्याय्यही. कर्तव्य एवढेच, की त्याने स्वतःला निराश होण्याच्या पात्रतेचे करावे: समोर जे घडते आहे ते चांगले किंवा वाईट असू शकते, हे मानून ते पाहावे. हा नाच कोण कोणासाठी नाचत असे, ही नायिका कोण, ती नदीपार का निघाली आहे, एवढा एक प्रश्न मनात आणणारा प्रेक्षक निजसुखातून अर्धा बाहेर पडलेला असतो. अभिनवगुप्ताने ज्याच्यासाठी दार उघडे ठेवले तो हाच.

मात्र हे कर्तव्य एकट्या पर्यटकाच्या माथी मारून भागणार नाही. प्रेक्षक एकट्याने घडत नाही. त्याच्या भोवती चर्चा असावी लागते. तियात्राचा प्रेक्षक घडला तो परस्परांशी वाद घालत, वर्तमानपत्रांतली मते वाचत, जुन्या प्रयोगांच्या आठवणी काढत. पर्यटकांसाठी होणाऱ्या प्रयोगांविषयी अशी चर्चा कोणी करत नाही, आणि येथे दोषाचा मोठा भाग आपल्याकडे, म्हणजे अभ्यासकांकडे आणि समीक्षकांकडे येतो. नाट्यगृहातील नाटकावर आपण लिहितो. त्याच गावात, त्याच संध्याकाळी, त्याहून अधिक प्रेक्षकांसमोर होणाऱ्या नृत्यप्रयोगावर आपण एक ओळही लिहीत नाही. हा कलाप्रकार नव्हे, असे म्हणून आपण हात झटकतो. आणि आपण हात झटकल्यामुळेच तो कलाप्रकार न राहण्याची प्रक्रिया पूर्ण होते. प्राश्निक नाही अशी तक्रार करणारेच प्राश्निकाचे आसन रिकामे ठेवून निघून गेलेले आहेत.

या आसनावर बसण्याचा अधिकार आपल्याला एकट्यालाच आहे, असेही नाही. फुगडीविषयी निवाडा द्यायचा असेल, तर तो फुगडी घालणाऱ्या स्त्रियांकडून यायला हवा. देखणीविषयी बोलायचे तर ज्यांच्या आज्यांचे रूप ती घेते, त्यांना प्रथम विचारले पाहिजे. भरताने गणिकेला प्राश्निकांत बसवले, त्याचा अर्थ आज यापेक्षा वेगळा होत नाही. समीक्षेने येथे करण्याजोगे काम म्हणजे हे आवाज ऐकू येतील अशी जागा निर्माण करणे आणि आपलेही मत, दाद असो वा नापसंती, कारणांसह तेथे मांडणे. चांगल्या नाचाला चांगला आणि निष्काळजी नाचाला निष्काळजी म्हणणे हा त्या नर्तकीचा अवमान नव्हे. तिला गंभीरपणे घेण्याचा दुसरा मार्गच उपलब्ध नाही.

पर्यटनव्यवसाय वाढत राहणार, बोटी निघत राहणार आणि लोक आनंदासाठीच त्यांवर चढणार. त्यांच्या आनंदाचा तिरस्कार करून समीक्षेला काहीच साधणार नाही. तो आनंद आस्वादाच्या पदवीला पोचेल की सुटीच्या हिशेबातली एक नोंद होऊन राहील, हे मात्र थोडेफार आपल्या हाती आहे. आणि जे आपल्या हाती आहे ते न करणे हाही एक नैतिक निर्णयच असतो.